वरवंटावाल्या मॅडम

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे पुन्हा हिंमत व्हायची नाही. आमच्या बुलढाण्यातल्या नर्सिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी जी नवऱ्याची भूमिका केली, जिच्याबद्दल मला शाल-नारळ मिळाला आणि जिच्यावरून शिपाई मला अजूनही 'हिरो' म्हणतो, तिच्यात अभिनय नावालाही नव्हता. मी तिथला ग्रंथपाल. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. अशा माणसाला स्टेजवर उभं करायची बुद्धी फक्त आमच्या बाळंतपण शिकवणाऱ्या मॅडमनाच होऊ शकत होती. घाटावर आणि घाटाखाली धरून साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात असली विक्षिप्त बाई दुसरी झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पोरी त्यांना पाठीमागे 'वरवंटावाल्या मॅडम' म्हणायच्या. आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, तेवढ्यापुरता तो बाळ होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चटणी वाटायला लागतो. मॅडमच्या राज्यात मात्र त्याची सुटका नव्हती. पोरींनी घरून एकेक वरवंटा आणायचा, फडक्यात गुंडाळायचा, आणि आठवडाभर क्षणभरही एकटा सोडायचा नाही. जेवताना मांडीवर, लेक्चरला कडेवर, अंघोळीला जायचं तर मैत्रिणीच्या हवाली करून. एका पोरीला एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय आहे वं थे, गुंडाळेल?" पोरगी मॅडमच्या धाकात इतकी मुरलेली की म्हणाली, "बाळ आहे." त्यानं हात लावून पाहिला आणि म्हणाला, "फुकट जाऊ दे मंग. पण वजनावरून तं फुल तिकिटाचं वाटते." लॅबमध्ये चांगली रबरी बाहुली होती, पण ती तपासणीवाले आले की कपाटाबाहेर यायची. "ती हलकी आहे," मॅडम म्हणायच्या, "आणि हसरी आहे. असं पोरगं कुणाला होत नाही."

चौथ्या दिवसापर्यंत पोरी रडकुंडीला यायच्या. एका वर्षी बीबी गावाकडची एक पोरगी होती, लोणार तालुक्यातली, फटकळ. तिनं सरळ होस्टेलच्या खिडकीतून वरवंटा खाली भिरकावला. तो वॉचमनच्या बाजेजवळ पडला आणि वॉचमननं राजीनाम्याची भाषा केली. साऱ्यांना वाटलं, आता हिचं नाव कटलं. मॅडम खाली गेल्या, वरवंटा उचलला, पदरानं पुसला, त्या पोरीशेजारी जाऊन बसल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "हिला शंभरपैकी शंभर. तुम्ही सगळ्या मनातल्या मनात फेकून राह्यल्या. हिनं दाखवलं तरी." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरी बाळंतीण दाखवत नाही. तेव्हा काय करसान?"

त्यांचं सगळं भांडण ह्याच एका गोष्टीसाठी होतं. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य पोरींना तोंडपाठ होतं. रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल ओढ न वाटणं, पाढ्यासारखं म्हणून दाखवायच्या आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायच्या. पण पिंपळगाव राजा गावात घरोघरी पाठवलं की परत येऊन झाडून साऱ्या लिहायच्या, 'बाळंतीण शांत आहे, तक्रार नाही.' हे वाचून मॅडमचा चष्मा थरथरायचा. "शांत! अवं, शांत तं भिताडही असते!" एरवी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या; वऱ्हाडी आली की समजावं, आता खैर नाही. मग 'शांत' हा शब्दच त्यांनी बंद केला. शिवाय स्वतः कुणाच्या घरी गेल्या तर बाळाकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. रोहिणखेडला एका आजीनं नातू त्यांच्या पुढ्यात धरला, तर त्या त्याला ओलांडून थेट खाटेवरच्या सुनेजवळ जाऊन बसल्या. आजी भडकली. "काऊन वं बाई, लेकरू दिसून नाही राह्यलं काय तुले?" मॅडम म्हणाल्या, "त्याले पाहाले सारं गाव आहे, आजी. इले कोन पाहून राह्यलं?"

वर्गात त्या नाटकं करून घ्यायच्या. सासू तर प्रत्येक पोरीला झकास यायची, जन्मजात असल्यासारखी. नणंद, शेजारीण, सगळं जमायचं. अडायचं ते नवऱ्यावर. काजळानं मिशी काढलेली पोरगी 'काय गं' म्हणाली की सारा वर्ग हसून आडवा. एकदा मी तिथे एक पुस्तक परत मागायला गेलो. ते मॅडमकडे वर्षानुवर्षं पडून होतं. मॅडमनी माझा दंड धरला. "या सर, नवरा व्हा."

"मला नाही येत, मॅडम."

"लग्न झालंय ना? मग येतं."

खाटेवर ती बीबीची पोरगी भिंतीकडे तोंड करून, मांडीत वरवंटा घेऊन बसली होती. दोन वाक्यं बोलून निघू, असं मी ठरवलं. पण तोंड उघडलं आणि आतून आपोआपच यायला लागलं. "काऊन रडून राह्यली? काय कमी आहे तुले? पोरगा झाला, माय दोन टाइम शेक-शेगडी करून राह्यली, अन् तू भिताडाकडे तोंड करून बसली. साऱ्या जगातल्या बायाइले लेकरं होतात. तुलेच काय झालं जगावेगळं? नाटकं बंद कर." पोरी आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मी वळलो, दाराबाहेर गेल्यासारखं केलं, आणि हात वर करून हवेतच बाहेरून कडी लावली.

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. "कडी कुठून आणली, सर?"

"सुचली," मी म्हणालो.

ती सुचलेली नव्हती. आमचा मुलगा झाला तेव्हा आम्ही मोताळ्याला राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. बायको दिवसदिवस भिंतीकडे पाहायची, पोरगं रडून लाल झालं तरी हात पुढे करायची नाही. वर लिहिलेली सगळी वाक्यं मी तिला बोललो आहे, एकदा नाही, रोज. एका दुपारी ती पाळण्यातलं पोर तसंच ठेवून निघून गेली. बसस्टँडच्या बाकावर सापडली, हातात पिशवीसुद्धा नव्हती. "कुठं निघाली होती?" म्हटलं, तर म्हणाली, "मालूम नाही." दुसऱ्या दिवसापासून कामावर निघताना मी त्या खोलीला बाहेरून कडी लावायला लागलो. शेजाऱ्यांना सांगितलं, थंडी बाधू नये म्हणून. तो हिवाळा असाच गेला. शेवटी तिचा भाऊ आला, त्यानं कडी काढली आणि तिला माहेरी घेऊन गेला. ती परत आली तेव्हा पोरगा रांगत होता. त्या दिवसांबद्दल आमच्यात कधी शब्द निघाला नाही.

आणि मॅडम मला दरवर्षी 'नवरा' म्हणून बोलवायला लागल्या. मीही जायचो. काऊन जायचो, ते मला धड सांगता येत नाही. एका वर्षी त्यांनी ठरवलं की हेच नाटक गॅदरिंगला पालकांसमोर करायचं. "पोरींना कळून काय उपयोग? त्यांच्या मायबापाला कळू द्या." मी घरी बोललो नव्हतो. पण आमंत्रणं मॅडमनी कर्मचाऱ्यांच्या घरीही धाडली होती. मी स्टेजवर गेलो, खाटेपाशी उभा राहिलो आणि समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत बायको. जांभळ्या साडीत, मांडीवर हात ठेवून.

विंगेतून मॅडम कुजबुजल्या, "सर, बोला." मला नाही बोलता आलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "नवरा भेला बे बायकोले!" आणि मांडव हसला. खाटेवरची बीबीची पोरगी, आता शेवटच्या वर्षाला, तयारीची. भिंतीकडचं तोंड न वळवता ती म्हणाली, "बोला की ओ. रोज तर बोलता."

थांबता आलं असतं. तिथून उतरून जाता आलं असतं. पण इतक्या लोकांसमोर थांबण्यापेक्षा बोलणं सोपं होतं, म्हणून मी बोललो. सगळंच्या सगळं. शेवटी हात वर गेला आणि कडीही लावली. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल घातली, 'आपल्यात असा कलावंत दडला आहे' वगैरे म्हणाले. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि रडतही नव्हती. स्टेजकडे नुसती पाहत होती.

संध्याकाळी मोटरसायकलवर घराकडे राजूर घाट उतरताना शाल आणि नारळ तिच्या मांडीवर होते. मग मागून आवाज आला, "थे सारं मॅडमनं लिहून देलं होतं काय?"

"हाव," मी म्हणालो.

"अन् कडी लावाचं? थेही त्याइनंच सांगतलं?"

"हाव. त्याइनंच."

एक वळण गेलं. मग ती म्हणाली, "मंग त्याइले कसं मालूम?"

मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात ती माझ्याआधीच बसनं कॉलेजात येऊन बसली, मला न सांगता. लायब्ररीच्या खिडकीतून मला व्हरांडा दिसत होता. बाकावर ती आणि मॅडम. तिनं काहीतरी विचारलं. मॅडमनी उत्तर द्यायला वेळ लावला. त्या एवढ्याशा वेळात मी टेबलाची कड घट्ट धरून उभा होतो. एका शब्दात माझं सगळं उघडं पडणार होतं. मग मॅडमनी मान हलवली, होकारार्थी. आणि माझी बायको, जी गेली कितीतरी वर्षं माझ्याशी भाजी काय करू ह्यापलीकडे बोलली नव्हती, ती बोलायला लागली. हात हलवून, मान हलवून, मध्येच डोळे पुसून. पोरी तासाला बोलवायला आल्या, तर मॅडमनी त्यांना हातानंच घालवून दिलं.

दुपारी मॅडम लायब्ररीत आल्या. ते जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "मी खोटं बोलले तुमच्या घरच्यांशी. म्हटलं, हो, मीच लिहिलं. नाही म्हटलं असतं तर ती उठून गेली असती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. कडी कोनाले सुचते, सर?"

"मग दरवर्षी मला का उभं केलं?"

"पोरींना खरं ऐकायला मिळत होतं. आणि वाटायचं, एखाद्या वर्षी तुम्हालाही ऐकू येईल." चष्मा पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पण ते बोलणं माझं नाही, सर. तुमचं आहे. ते मी किती दिवस माझ्या नावावर ठेवू?"

मॅडम आता निवृत्त होऊन खामगावला भाचीकडे असतात. जाताना होस्टेलच्या पोरींनी त्यांच्यासाठी कुंची घातलेला एक वरवंटा पॅक करून दिला, तर म्हणाल्या, "आता नको बाई, चटणी करायला न्या." त्यांच्या जागी आलेल्या बाई चांगल्या आहेत, वेळेवर पुस्तकं परत करतात. व्हरांड्यातून जाताना आवाज कमी झालाय असं वाटतं. माझी बायको मॅडमना फोन करते, चहा घेऊन मागच्या अंगणात जाते आणि बराच वेळ बोलत बसते. कधीकधी हसते. आत बसून मला ते हसू ऐकू येतं, शब्द येत नाहीत. ह्या घरातल्या त्या हिवाळ्याबद्दल ती जगात एकाच माणसाशी बोलू शकते, आणि ते माणूस मी नाही.

ती वाक्यं मॅडमची नव्हती, माझीच होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या वाक्यांबद्दल माफीही मागितलेली नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.