सकाळचं पाणी

सुपडूनानांनी चहा झाला असं सरळ कधी सांगितलं नाही. घसा खाकरून, रिकामी मूठ तोंडासमोर धरून ते म्हणत, "घरातील सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, चहा उकळला आहे. तरी संबंधितांनी आपापले भांडे घेऊन ओट्यापाशी हजर राहावे."

आतून नानी ओरडे, "संबंधितले सांगा, दूध नासनं."

नाना माझे मामा. आमच्या गावच्या नगरपालिकेत शिपाई. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझं घर अजून तिथंच आहे आणि नळाचं कनेक्शनही. जळगाव आणि धुळे यांच्या मधलं एक गाव, एवढं पुरे. कागदोपत्री नाना शिपाई होते, पण त्यांचं खरं काम टांग्यावर भोंगा बांधून गावभर फिरण्याचं. आमच्याकडे ऋतू आधी नानांच्या तोंडून यायचे, मग आभाळातून. टँकर कुठल्या चौकात उभा राहणार हे ऐकलं की उन्हाळा लागला. वाचनालयातले सुट्टीचे वर्ग आणि नालेसफाई आली की पाऊस तोंडावर. मग डासांची फवारणी, मग लहान पोरांची लस, की झाला हिवाळा.

घरात नाना अस्सल अहिराणी बोलत. पण माईक हातात आला की त्यांच्या अंगात कोणीतरी हेडमास्तर शिरे. "नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी" याच्या खाली ते उतरत नसत. लहानपणी शाळेत 'आहे'च्या जागी 'शे' म्हटलं म्हणून मास्तरांनी त्यांना बाकावर उभं केलं होतं, आणि अख्खा वर्ग हसला होता. "तो वर्ग अजून हसतोय भाचेबुवा," ते मला म्हणत. "माईकवर एक 'शे' निघालं, की नगरपालिकेची अब्रू गेली."

मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि त्या बळावर घरी बसलो होतो. बसलेल्या माणसाला टांगा काय नि ओटा काय, म्हणून नानांबरोबर फिरायचो. भोंग्याची बॅटरी मांडीवर धरायची, हे माझं पहिलं पद. वाटेत नाना मला भाषेच्या शंका विचारत. "'पाणी येईल' बरोबर, का 'पाणी येणार आहे'?"

"दोन्ही चालतं नाना."

"म्हणजे बी.ए. होऊन हे शिकलात. दोन्ही चालतं." आणि मागे वळून टांगेवाल्याला, "आपल्याला एकच चालतं हो, बरोबर असलेलं."

नाल्यापलीकडच्या वस्तीत मात्र नानांची परीक्षा असे. तिथली सगळी माणसं खेड्यांतून आलेली. कोणी धरणगावकडची, कोणी तापीकाठची. पहिल्याच दारात मथुराअक्का भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसलेली. टांगा थांबे, नानांची शुद्ध घोषणा होई, आणि अक्का हात हलवून विचारी, "कोनले सांगी राहिना रे नाना? कलेक्टरले? आमले काय सांगस ते सांग ना."

मग नाना माईकवर पंजा दाबत, टांग्यातून खाली वाकत आणि हळू आवाजात तेच अहिराणीत सांगत. अक्का ते उचलून गल्लीभर पोचवी. तिच्या आवाजाला बॅटरी लागत नसे. टांगा निघताना मूठभर शेंगा नानांच्या हातात पडत. मला अर्धी मूठ. "ह्या बी.ए. ले कमी दे," नाना म्हणत, "त्याले दोन्ही चालतस."

नगरपालिकेत कोणाला पंजा दाबायची ही भानगड माहीत नव्हती. नानांना तिची लाज वाटे. ते मला बजावत, "बाहेर बोलू नका." आता बोलतोय.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी नालेसफाई चालू होती. गाळ काढताना कोणाची तरी कुदळ नाल्याखालून जाणाऱ्या पाईपावर बसली आणि फट पडली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पहाटे वस्तीला नळ सुटला, लोकांनी हंडे भरले. पाण्याला ना रंग ना वास. दुपारी गाळ उपसताना फट दिसली, तेव्हा कचेरीत धावपळ झाली. पाईप दुरुस्त करायला माणसं गेली आणि साहेबांनी नानांना तोंडीच सांगितलं, "टांगा काढा. सकाळचं पाणी पिऊ नका म्हणावं."

मी त्या दिवशी धुळ्याला मुलाखतीला गेलो होतो. (मुलाखतीत मला दोन पर्याय विचारले, मी काय उत्तर दिलं असेल ते ओळखा.) त्यामुळे पुढचं मला नानांनीच सांगितलं, अनेकदा सांगितलं.

ऊन असं, की घोडा पाय उचलून उचलून टाकत होता. दारं लावून लोक आत पडलेले. नानांनी वस्तीच्या तोंडाशी भोंगा लावला. "नागरिकांना कळविण्यात येते की, सकाळचे पाणी पिण्यास वापरू नये. नागरिकांनी कृपया नोंद घ्यावी." वाक्य त्यांना फार आवडलं. आटोपशीर, एकही शब्द जास्त नाही. घोडं तापलं होतं, अजून दोन गल्ल्या बाकी होत्या. टांगा हलला तेव्हा अक्का दार किलकिलं करून ओरडली, "काय सांगं रे नाना?"

नाना हसले. हात वर करून म्हणाले, "अक्का, सोपंच शे!"

आणि टांगा पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फवारणीची घोषणा करायची होती. मी बॅटरी घेऊन बसलो. पूल ओलांडून वस्तीत शिरलो तर गल्लीत चिखल. बायका नळाखाली हंडा धरत होत्या, भरत होत्या आणि रस्त्यावर ओतत होत्या. नानांना काही कळेना. पाईप दुरुस्त झाला होता, जंतू मारायची पावडर टाकून चांगलं पाणी सोडलं होतं, आणि ही माणसं ते फेकत होती.

अक्काची सून सिंधूवहिनी दारातच होती. नाना म्हणाले, "काय चाललंय हे?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगं ना नाना, सकायनं पानी पेवानं नही. दखा, दवाईना वास मारी राहिना. बरं व्हयनं तुम्ही सांगं. काल भरेल बठ्ठं पानी आम्ही जपी ठेवं. शेजारले बी दिधं."

माझ्यासारख्या दोन्ही चालणाऱ्या माणसालासुद्धा कळायला क्षण लागला. आमच्या अहिराणीत 'सकाळ'चं 'सकाय' होतं, आणि 'सकाय' म्हणजे उद्या. येत्या सकाळचा दिवस. सकाळचं पाणी पिऊ नका, म्हणजे उद्याचं पिऊ नका. म्हणजे आजचं भरून ठेवा, जपून वापरा, ज्याच्याकडे नाही त्याला द्या. वस्तीनं नानांचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

मी नानांकडे पाहिलं. ते टांग्यातून उतरले होते आणि माईक हातात तसाच होता. वायर ताणली गेली, भोंगा करकरला, तरी त्यांना भान नव्हतं. "अक्का कुठे?" त्यांनी विचारलं.

"आत पडेल शे. रातपाईन उलट्या."

त्या दिवशी वस्तीतली बरीच माणसं आडवी झाली. नाना दवाखान्यात आणि वस्तीत हेलपाटे घालत राहिले. हंडे स्वतःच्या हातानं उपडे केले. बहुतेक सगळे वाचले. मथुराअक्काला जीपमध्ये घालून जळगावला नेत होते, ती वाटेतच गेली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. कोणी नानांना बोल लावेचना. ते वस्तीत जाऊन दारोदार कबुली देत, "चूक मनी शे." लोक त्यांना पाणी देत, खाटेवर बसवत आणि म्हणत, "नाना, तू तर सांगेल व्हतं. नगरपालिकानीच खराब पानी दिधं." वस्तीच्या हिशेबात अख्ख्या कचेरीत एकच भला माणूस होता, ज्यानं आदल्या दिवशी सावध केलं. सिंधूवहिनीनं तर तेराव्याला नानांना आग्रहानं जेवायला बसवलं. ताटावरून उठून नाना मोरीत गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

मग ते साहेबांसमोर उभे राहिले. मी दाराशी होतो. नानांनी सगळं सांगितलं, 'सकाय' आणि 'सकाळ'. साहेब भले होते. त्यांनी वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाले, "नाना, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं मराठी एकदम शुद्ध आहे. वाक्यात काहीही चूक नाही."

बाकावर उभं केल्यापासून ज्या शेऱ्याची नानांनी वाट पाहिली, तो असा मिळाला. बाहेर आल्यावर पायरीवर बसून ते मला म्हणाले, "भाचेबुवा, मास्तर वारले. नाहीतर जाऊन सांगितलं असतं, पास झालो म्हणून."

घरातला चहा त्यानंतर मुकाट उकळू लागला. नानी एकदा मला म्हणाली, "चहा गार व्हई जास, कोनी सांगत नही." आणि पदरानं कप पुसत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात टांगा पुन्हा निघाला. कचेरीत वाटलं होतं नाना काम सोडतील. त्यांनी सोडलं नाही, फक्त बदललं. गल्लीच्या तोंडाशी भोंग्यावरून एकदा सांगायचं, मग माईक माझ्याकडे देऊन खाली उतरायचं. पहिल्या दारात उभं राहून अहिराणीत, मोठ्यानं, पंजा न दाबता सांगायचं. आणि शेवटी विचारायचं, "काय सांगं मी?"

नानांनी काय सांगितलं, ते समोरच्यानं म्हणून दाखवायचं. चुकलं तर पुन्हा. तेव्हाच पुढचं दार.

म्हाताऱ्या चिडत, "मी काय शाळाम्हा शे का?" पोरं खेळात नानांची नक्कल करत. त्यांचं नावच 'काय सांगं नाना' पडलं. एका घोषणेला अख्खा दिवस जाऊ लागला, तशी टांगेवाल्यानं तक्रार केली, कचेरीनंही केली. नाना सगळ्यांचं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तेच करत. 'सकाळ' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. आजची असेल तर 'दिन उगना तवय', म्हणजे दिवस उगवला तेव्हा. येणारी असेल तर वाराचं नाव. माझ्या लग्नात गुरुजी म्हणाले, "सकाळच्या मुहूर्तावर," तर नाना उठून सगळ्या मांडवाला वार सांगून आले. सासरकडच्यांना वाटलं, मामा जरा हे आहेत. मी तरी कुठे त्यांना समजावत बसलो, बोहल्यावर मला धोतर सांभाळायचं होतं.

पुढे नाना रिटायर झाले. टांगा गेला, रिक्षा आली, आणि रिक्षात कॅसेट. कुठल्या तरी बाईचा गोड, शुद्ध आवाज गावभर फिरू लागला. ती कोणाला काही विचारत नसे. नाना ओट्यावर बसून ऐकत आणि कॅसेट पुढे गेली की समोरच्या घरातल्यांना हाक मारत, "काय सांगं तिनी?"

मी तोवर धुळ्याला शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो. (नोकरी शेवटी मिळाली. दोघांपैकी दुसऱ्या उमेदवारानं नाकारली म्हणून.) नाना आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा एस.टी.नं गेलो. आवाज उरला नव्हता, कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. ते म्हणाले, "मना नावनं भोंगं फिरावू नका. दारोदार जाईसन सांगा." मग डोळे माझ्यावर ठेवून, "काय सांगं मी?"

मी म्हणून दाखवलं. एक शब्द चुकलो, तो त्यांनी दुरुस्त केला.

"बी.ए. कामले उनं," ते म्हणाले. माझं बी.ए. एकदाचं कामाला आलं.

दोन दिवसांनी, दिवस उगवता उगवता ते गेले. मी पायी पूल ओलांडून वस्तीत गेलो. घसा खाकरला, पण त्यांच्यासारखा होईना. पहिल्याच दारात सिंधूवहिनी शेंगा भाजत होती. केस पांढरे झाले होते.

"नाना गया," मी म्हटलं.

तिचा हात कढईवर थांबला. "कवय?"

'सकाळी' हा शब्द जिभेवर आला होता. पोरांना रोज शिकवतो तो, साधा, शुद्ध. मी तो गिळला.

"आज. दिन उगना तवय."

ती उठली. पदर डोक्यावर घेतला, आणि मी विचारायच्या आधीच, एकेक शब्द सावकाश ठेवत तिनं म्हणून दाखवलं, "नाना गया. आज. दिन उगना तवय."

मग ती पुढच्या दाराकडे वळली.