सूप, वन बाय टू

डिसेंबरातली नागपूरची संध्याकाळ. मी शाल पांघरून आरामखुर्चीत बसले आहे. स्वयंपाकघरात आमचे हे चहाची पत्ती शोधत डबे वाजवताहेत. आवाज येतो आहे, म्हणजे मला झोप लागलेली नाही, असं मी स्वतःला बजावते. तेवढ्यात कुमुदताई दारातून म्हणतात, "आटप ना, निमा. कीर्तनाला उशीर होऊन राहिला."

कुमुदताई माझी थोरली जाऊ. त्यांना जाऊन अकरा महिने झाले. मला ते ठाऊक आहे, पण त्या एवढ्या तयार होऊन आलेल्या असताना हा विषय काढणं बरं दिसत नाही.

कीर्तन म्हणजे हॉटेल. बाहेरचं खाणं सासूबाईंना खपत नसे. म्हणून महिन्यातून एकदा आम्ही दोघी कीर्तनाचं नाव सांगून निघायचो आणि थेट फॅमिली रूमच्या पडद्याआड बसायचो. सूप मागवायचं ते वन बाय टू, एकच, दोन वाट्यांत. अख्खं प्यायलं तर घरी जाऊन पुन्हा जेवायचं कसं? जेवताना सासूबाई विचारायच्या, आज बुवांनी काय लावलं? ताई पोळी मोडता मोडता अख्खं आख्यान रचायच्या. एका हिवाळ्यात बुवांनी तीनदा नळ-दमयंतीच सांगितली, तरी सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. त्यांना सगळं माहीत असणार, असं मला आता वाटतं.

मी चपला घालते आणि पायाखाली हॉटेलातली गार फरशी असते. तेच सनमायकाचं टेबल, तोच मेणचट पडदा. मफलर गुंडाळलेला वेटर काही न विचारता एक सूप आणि दोन वाट्या ठेवून जातो. सुपाची वाफ ताईंच्या चष्म्यावर बसते. त्या पदराने काचा पुसतात. किती बरं वाटतं आहे मला, काय सांगू.

"काय पाहून राहिली?"

"काही नाही. बारीक दिसता."

"तिकडे जेवण बेतास बात आहे," ताई म्हणतात आणि गालात हसतात.

पडदा हलतो. तो आता हिरवा आहे. पलीकडे टेबलं नाहीत, वॉर्ड आहे, कुणीतरी खोकतं आहे. ताई आहेत तिथेच आहेत, फक्त खुर्चीच्या जागी लोखंडी कॉट आली आहे. सूप स्टुलावर आहे, अजून वाफाळतं.

त्या संध्याकाळी ताई याच कॉटवरून म्हणाल्या होत्या, "जा, आपल्या हॉटेलातून सूप घेऊन ये. वन बाय टू." मी त्यांना लहान मुलासारखं दटावलं होतं. डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय, कळत कसं नाही तुम्हाला? दोन दिवसांनी त्या गेल्या. तेव्हापासून मी त्या हॉटेलची पायरी चढलेली नाही. जाणाऱ्या माणसाचा शेवटचा घास आपण अडवला, हे मनातून जात नाही. यांनासुद्धा मी हे सांगितलेलं नाही.

"ताई, तुमची इच्छा राहिली," मी म्हणते. "माझ्यामुळे."

ताई तळलेले पावाचे तुकडे दोन वाट्यांत वाटताहेत. नेहमीसारखे माझ्या वाटीत जास्त.

"कोणती इच्छा? मला पाणी गिळवत नव्हतं, निमा. सूप काय पिणार होती मी?"

"मग मागितलं का?"

"तू सकाळपासून त्या स्टुलावर बसून होती. पोटात अन्नाचा कण नाही. जेवून ये म्हटलं असतं तर ऐकलं असतं तू? म्हटलं, माझ्या नावाने तरी उठेल. तिथे बसेल घटकाभर, स्वतः दोन घोट घेईल."

अकरा महिने मी स्वतःला अपराधी ठरवून बसले, आणि या बाईला शेवटपर्यंत काळजी कसली, तर माझ्या पोटाची.

"आणि मीच तुम्हाला रागावले."

"रागावली तर रागावली. त्याने काही मी गेली नाही," ताई म्हणतात. मग स्वतःची वाटीही माझ्यापुढे सरकवतात. "हे पण पी. आज अख्खं पी. मला तिकडे जेवायचं आहे."

मी रडते आहे आणि हसतेही आहे, आणि त्या भरात वाटी तोंडाला लावते.

"हळू गं," ताई म्हणतात.

दिवा लागतो. हे कप घेऊन समोर उभे आहेत. मफलर कानावरून घेतलेला, चेहरा काळजीचा.

"रडत होतीस झोपेत. घे, गरम आहे तोवर पी."

"ठेवा तिथे. जरा निवू द्या," मी म्हणते. "जीभ पोळलीय."

हे कपाकडे बघतात. कप काठोकाठ भरलेला आहे, साय धरू लागली आहे. मी जीभ दातांवरून फिरवते. टोक खरखरीत झालंय, चांगलंच चुरचुरतं आहे, आणि मला सडकून भूक लागली आहे.