माहेरी दिलेला संघ

बाईंनी चेंडू कधी काखेत धरला नाही. कल्याणजवळच्या मोहन्याच्या बाजारातून शाळेकडे जाताना त्या तो आपटत जायच्या. जाताना उजव्या हाताने, येताना डाव्या. भाजीवाल्या पाट्या मागे सरकवायच्या, रिक्षावाले हॉर्न न वाजवता थांबायचे. बाई कुणाशी तरी सिलिंडर कधी येणार यावर बोलत असल्या तरी टप्पा चुकायचा नाही. सगळं मोहने त्यांना टप्पेबाई म्हणायचं. आम्ही मुली नुसतंच 'बाई'. त्या आमच्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि शाळा सुटली की मागच्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल.

त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी बरोबरच असायची. दोन्ही एकमेकांत अडकली की खेळ थांबवून त्या शांतपणे गुंता सोडवत बसायच्या. "दोन्हींतलं एकच वाजतं हे नशीब," म्हणायच्या आणि पुन्हा खेळ सुरू करायच्या.

मी त्यांच्या हाती लागले सातवीत. रेयॉनचा कारखाना बंद झाल्यावर माझे वडील शीळफाट्याला टेम्पो चालवायला जाऊ लागले होते, आणि आईला त्यापेक्षा मोठी काळजी माझ्या उंचीची होती. वर्गातल्या सगळ्या मुलग्यांपेक्षा मी उंच. हिला नवरा कुठून आणायचा, असं ती शेजारणींना विचारायची, आणि मला जरा वाकून चालायला सांगायची. एक दिवस बाई घरी आल्या. चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, उंची झाकून कमी होत नाही. वापरली तर कामाला येते." आईने अर्ध्या चड्डीचा प्रश्न काढला. बाई म्हणाल्या, पूर्ण पँट घालून पाठवा, हरकत नाही, पण पाठवा. दुसऱ्या दिवसापासून मी कोर्टवर होते, आणि पाठ सरळ करायला मला महिना लागला.

कपड्यांवरून बाई आयांशी कधी भांडल्या नाहीत, याचं कारण आम्हाला उशिरा कळलं. त्या मूळच्या ठाण्याजवळच्या बाळकुमच्या. घरची भातशेती आणि मिठागरं. आता तिथे टॉवर उभे आहेत. एकोणिसाव्या वर्षी त्यांची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने, त्या त्याला दादूस म्हणायच्या, त्यांचे बूट अंगणातल्या विहिरीत टाकले. आमच्या घरातल्या पोरी मांड्या दाखवत नाचणार नाहीत, म्हणाला. मग तुम्ही काय केलंत, असं आम्ही विचारलं. "अनवाणी गेले," बाई म्हणाल्या. "सिमेंट तापलेलं होतं, म्हणून जास्त पळाले." पुढे लग्न होऊन त्या मोहन्याला आल्या. नवरा कारखान्यात फिटर, अबोल माणूस. त्याने लग्नानंतर पहिली वस्तू आणली ती बूट. दादूसशी मात्र बाई पुढे तीसेक वर्षं लग्नकार्यापुरत्याच बोलल्या.

मी शिकले, डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले, तरी संध्याकाळी कोर्टवर जात राहिले. तेव्हा पेपरात बातमी आली की बायकांच्या बास्केटबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार आहे, सहा शहरांना संघ मिळणार आहेत, आणि ज्या शहरांना आपण लायक आहोत असं वाटतं त्यांनी अर्ज करावेत. मोठ्या शहरांची नावं बातमीत आधीच छापलेली होती. बाईंनी ती बातमी कापून शाळेच्या फळ्यावर लावली आणि खाली खडूने लिहिलं, 'कल्याण-डोंबिवली'.

लोक हसले. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, आधी पाण्याचं बघू. ठाण्याहूनही अर्ज जाणार असल्याचं कळल्यावर कुणीतरी म्हणालं, तुमचं बरं आहे, माहेर ठाणं, सासर कल्याण, कुठेही संघ आला तरी तुमचाच. बाई म्हणाल्या, माहेरी माणूस पाहुणा असतो, संघ राहत्या घरी पाहिजे. आणि अर्जाला लागल्या.

अर्जात छप्पर असलेला हॉल मागितला होता. आमच्याकडे तो नव्हता. शीळफाट्याजवळ एका माणसाचं नवं मोठं गोदाम रिकामं होतं. त्याची पुतणी आमच्याकडे खेळायची. बाईंनी त्याला पाच वेळा गाठलं आणि सहाव्या वेळी तो हो म्हणाला. आम्ही मापं घेतली, रिंग कुठे लावायची ते ठरवलं. महिनाभराने गेलो तर आत छतापर्यंत फरशांची खोकी. त्याला भाडेकरू मिळाला होता. तो ओशाळून माफी मागत राहिला. बाईंनी मोकळ्या कोपऱ्यात चेंडू दोनदा आपटला, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "टप्पा छान बसतो इथे. फरशा काय खेळणार, बिचाऱ्या." परतीच्या रिक्षात मी रडले. बाई अर्जातला पुढचा रकाना वाचत होत्या.

पुढचा रकाना प्रेक्षकांचा होता. त्यासाठी बाईंनी एका रविवारी सकाळी मोहन्यात सामना ठेवला, ठाण्याच्या मुलींशी. अख्खी वसाहत लोटली. लोक शाळेच्या गच्चीवर, भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर. आम्ही सपाटून हरलो. माझ्या हातून तर सोपे बास्केटसुद्धा सुटले. अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं, 'प्रचंड प्रतिसादात सामना पार पडला.' बाईंनी ते खोडायला लावलं आणि स्वतः सांगितलं ते माझ्याकडून लिहून घेतलं: 'आमचा संघ तीस गुणांनी हरला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नुसता सराव होता, तरी कुंपणाबाहेर एक्केचाळीस माणसं उभी होती.' मी म्हटलं, बाई, हरल्याचं कशाला सांगायचं? "जिंकल्यावर कुठलंही गाव येतं," त्या म्हणाल्या. "संघ द्यायचा तर हरल्यावर येणाऱ्या गावाला द्यावा."

निवड समितीची बैठक ठाण्यात एका हॉटेलात होती. बाई आणि मी दोन रिक्षा आणि एक बस बदलून पोहोचलो. दारात पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेले एक उंच गृहस्थ चार-पाच लोकांबरोबर उभे होते. बाई थबकल्या. तो दादूस होता, आणि ठाण्याच्या अर्जामागे तोच होता. बाळकुमच्या आपल्या टॉवरांच्या संकुलात त्याने लाकडी जमिनीचा, छपराचा हॉल बांधला होता, आणि आता त्याला त्यात बायकांचा संघ हवा होता.

समितीत तिघं होते. त्यांनी आमचा अर्ज खरोखर वाचला होता; एक्केचाळीस माणसांबद्दल त्यांनी विचारलंही. पण अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं की एका जिल्ह्यातून दोन संघ देणार नाही, आणि जिल्ह्यातच दोन तट असतील तर तो वाद अंगावर घ्यायची त्यांची तयारी नाही. यादीत पुढचं शहर परराज्यातलं होतं. एकमत करून या, नाहीतर संघ तिकडे जाईल. अर्धा तास दिला.

आम्ही बाहेरच्या पॅसेजमध्ये आलो. बहीणभाऊ समोरासमोर उभे राहिले. दादूस आधी बोलला. म्हणाला, तू माघार घे, हॉल माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या, "हॉल तुझ्याकडे आहे. पोरी माझ्याकडे आहेत." बाई खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता त्या आत जाऊन आमच्या बाजूने भांडतील. माझी तशीच इच्छा होती. मागे वळून त्यांनी मला अर्ज उलटा करायला सांगितला आणि पाठकोऱ्या बाजूवर अटी लिहायला लावल्या. नाव ठाण्याचं. निवड चाचणी खुली, कुठल्याही गावच्या मुलीला. आठवड्यातले तीन दिवस सराव मोहन्यात. आणि कुठल्या मुलीने काय घालून खेळावं, यावर मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनी बोलायचं नाही.

शेवटची अट लिहिताना माझा पेन अडखळला. दादूसने ती दोनदा वाचली. मग हळू आवाजात विचारलं, "अजून राग हाय का तुझ्या मनात?"

बाई घरच्या बोलीत कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "राग हाय, दादूस. पन तो माझा हाय. पोरींना त्याच्यात नाय खेळवायचा."

त्याने सही केली. संघ ठाण्याला मिळाला.

मोहन्यात बाईंचं स्वागत काही बरं झालं नाही. माहेराला आंदण दिलं, असं लोक तोंडावर म्हणाले. तीन मुलींच्या आयांनी मुली पाठवणं बंद केलं. फळ्यावरचं 'कल्याण-डोंबिवली' कुणीतरी पुसून टाकलं. बाईंनी कुणालाही खुलासा दिला नाही; फक्त सराव अर्धा तास आधी सुरू करायला लागल्या, कारण खुली चाचणी दोन महिन्यांवर होती. त्या दिवसांत त्यांचा नवरा रोज संध्याकाळी येऊन कोर्टच्या पायरीवर बसायचा. खेळातलं त्याला काही कळत नसे. पण तो बसला आहे म्हटल्यावर टोमणे मारायला आलेले लोक तसेच पुढे जायचे.

चाचणीत बारा जणी निवडल्या, त्यांत चौघी आमच्या. मी नव्हते. निवडणाऱ्यांत बाई होत्या. यादी लागायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुझं नाव नाही. तुझा गुडघा संपलाय, आणि तुला ते माहीत आहे. मीसुद्धा तुझ्यासाठी हात वर केला नाही." मला खरंच माहीत होतं. पण तेरा वर्षं ज्यांच्या शब्दावर धावले त्यांनी हात वर करू नये, हे मला गिळता आलं नाही. मी कोर्टवर जायचं सोडलं. त्या बाजारात दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीने जायची.

चार महिन्यांनी त्या लॅबमध्ये आल्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. रक्त तपासायचं होतं. सुई मीच टोचली. कापसाचा बोळा दाबून धरत त्या म्हणाल्या, आठवड्यातून तीन दिवस संघ मोहन्यात येतो, आणि उरलेले तीन दिवस गावातल्या चाळीस पोरी नुसत्या चेंडूमागे पळतात. मला आता दोन्ही जमणार नाही, त्या पोरी तू बघ. मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुला न घेतल्याचा राग आहे ना? तो घेऊनच ये. राग असलेली माणसं वेळेवर येतात." दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तो मी त्यांच्या आधी वाचला. त्याच संध्याकाळी मी कोर्टवर गेले.

बाई पुढे दीड वर्ष होत्या. पहिल्या मोसमात बाळकुमच्या हॉलमधला प्रत्येक सामना त्यांनी बघितला. संघाच्या बाकावर त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण त्या वर प्रेक्षकांत, मोहन्याहून बसने आलेल्या बायकांमध्ये बसायच्या. चौघींपैकी कुणी चुकली की शिट्टी वाजवायच्या, आणि रेफरी हैराण व्हायचे. शेवटच्या महिन्यात त्या घरातच होत्या. मी रोज सराव संपवून जायची. कोण आलं, कोण आलं नाही, एवढंच त्या विचारायच्या. एकदा मी म्हटलं, बाई, आज आराम करा, मी उद्या सांगते. त्या म्हणाल्या, आरामच करतेय, तू सांग. एका गुरुवारी पहाटे त्या गेल्या.

यंदा लीग आणखी दोन शहरांना संघ देणार आहे, आणि एका जिल्ह्यात एकच संघ ही अटही तिने काढून टाकली आहे. मी कल्याण-डोंबिवलीचा अर्ज भरायला घेतला, आणि पुन्हा छपराच्या रकान्यापाशी अडकले.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सराव चालू असताना कोर्टच्या दारात गाडी थांबली. दादूस उतरला. आता तो काठी घेऊन चालतो. मुली दमून पाणी प्यायला जाईपर्यंत तो उभा राहिला. मग म्हणाला, बाळकुमच्या हॉलला तिचं नाव द्यावं असं मनात आहे, तुम्हा पोरींना विचारायला आलो. मी क्षणभर विचार केला. नाव छानच दिसलं असतं. पण मी म्हटलं, "काका, नाव नको. त्यांना इथे छप्पर हवं होतं."

तो मान वर करून उघड्या आभाळाकडे, मग दोन्ही रिंगांकडे बघत राहिला. काठी त्याने पायरीला टेकवून ठेवली, आणि कोर्ट लांबीला किती भरतं ते विचारलं. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, सांगू नको, मोज. मी शाळेतून मापाची फीत आणली. माझ्या हातातलं टोक घेऊन तो एका हाताने भिंत धरत सावकाश खाली वाकला, पांढऱ्या पँटीचा गुडघा सिमेंटवर टेकला, आणि त्याने टोक रेषेवर दाबून धरलं. मी फीत सोडत सोडत पलीकडच्या रेषेपर्यंत चालत गेले.