ओहोळाच्या शोधात उत्तरेकडे

सिडनीपासून गाडीने दोन तासांवर इंग्लंड आहे, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"गेल्या महिन्यात एवढ्याच अंतरावर स्वित्झर्लंड होतं," ती म्हणाली.

हे खरं होतं. ब्लू माउंटन्सला जाऊन धुक्यात फक्त कार पार्क बघून आम्ही परत आलो होतो. पण या वेळी माझी बातमी पक्की होती. ऑफिसातला एक ड्राफ्ट्समन मूळचा सदर्न हायलँड्सचा, म्हणजे सिडनीपलीकडच्या डोंगरपट्ट्यातला. त्याच्या पूर्वजांनी तिकडे इंग्लंडहून झाडं आणली, कुंपणाची झुडपं आणली, मेंढ्या आणल्या, आणि घरची आठवण येऊ नये म्हणून अख्खा मुलूख घरासारखा करून टाकला. मी त्याला एकच विचारलं, तिकडे ब्रूक आहे का? तो म्हणाला, "आम्ही क्रीक म्हणतो, मेट. चर्चपाशी गाडी लाव, तिथून सरळ दक्षिणेला चाल. विलोच्या झाडांखाली सापडेल. नो वरीज."

ब्रूक मला नको होता, माझ्या सासऱ्यांना हवा होता. ठाण्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. ब्रूक, मेडो, हेज हे शब्द त्यांच्या तोंडी आमटीभातासारखे, पण यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. "सर, ब्रूक म्हणजे काय?" असं पोरांनी विचारलं की ते म्हणायचे, "ओढा. पण इंग्रजी." रिटायर झाल्यावर बघायला जाऊ असा बेत होता, तर काचबिंदूने डोळे नेले. सासूबाई एकट्याच आमच्याकडे, सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आल्या. निघताना सासऱ्यांनी त्यांच्या हातात टेपरेकॉर्डर दिला आणि म्हणाले, "बघायचं राहिलं. आवाज तरी घेऊन ये."

आता सासूबाईंचं परतीचं विमान बुधवारी होतं, आणि हातात उरला होता एक रविवार.

मी तयारीला लागलो. चर्चच्या जत्रेतल्या जुन्या पुस्तकांच्या टेबलावर मला एक चिमुकलं पुस्तक मिळालं होतं, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून पायी कसं हिंडावं याचं. शनिवारी ते वाचून संपवलं आणि मी तज्ज्ञ झालो. मोजे लोकरीचे घालावेत. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यावं. दिशा हरवली तर घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरावा. काटा आणि बारा यांच्या बरोबर मध्ये दक्षिण. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात आणि न्हाणीघराच्या दारात दक्षिण शोधायचा सराव केला. बाहेर सूर्य नव्हता, रात्र पडली होती, पण ट्यूबलाइटवर पद्धत झकास चालली.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांचं माझं मार्चपासून पापडांवरून जरा बिनसलेलं होतं. त्यांनी मुलीसाठी उडदाचे पापड लाटले, आणि मी इंजिनिअर असल्यामुळे सांगितलं की मागच्या अंगणात वाळवा, ती दक्षिणेची बाजू, ऊन तिकडेच. पापड दोन दिवस लोळत पडले आणि त्यांना वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर आमच्या पुढच्या लॉनवर, थेट लेटरबॉक्सपर्यंत, चादरी अंथरून पापड मांडलेले. शेजारचा गोरा कुंपणावर रेलून विचारत होता की हे काय, आणि सासूबाई त्याला एक कच्चा पापड देऊन मराठीत समजावत होत्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते कडकडीत वाळले का, हे मी विचारलंच नाही.

रविवारी निघालो. सासूबाईंनी पाचवारीवर माझ्या बायकोचे कॅनव्हासचे बूट आणि माझा स्वेटर चढवला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. शहर संपलं, रस्ता चढला, आणि एका वळणानंतर खरोखर इंग्लंड सुरू झालं. एप्रिलमधली पानगळ, लाल-पिवळी झाडं, दगडी घरांच्या धुराड्यांतून धूर, छाटलेल्या झुडपांची कुंपणं आणि त्यांच्यापलीकडे मऊ हिरव्या उतारांवर मेंढ्या. मी आनंदाने हॉर्न वाजवला. मेंढ्यांनी मान वर केली, तीसुद्धा मला इंग्रजी वाटली.

"आई, तो रेकॉर्डर द्या," मी म्हणालो. गाडी बाजूला घेतली आणि माइक तोंडाशी धरला. "नमस्कार बाबा. आता आपण पाहत आहात ते हेज..."

"त्यांना पाहता येत नाही, म्हणून तर टेप आहे," बायको मागून म्हणाली.

मी थांबलो नाही. हेजवर बोललो, मेंढीवर बोललो, मेडो आणि साधं कुरण यांतला फरक सांगितला, जो मला माहीत नव्हता. मग ऐकून बघितलं. माझा आवाज मला भलताच आवडला. पुन्हा ऐकलं. दूधवाल्याच्या बंद दुकानापाशी थांबलो तेव्हा तिथल्या बाकावर बसून तिसऱ्यांदा ऐकलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सेल जपून वापरा, जावईबापू. दुकानं बंद आहेत आज." त्या काळी ऑस्ट्रेलियात रविवारी सुईसुद्धा विकत मिळत नसे.

चर्चपाशी गाडी लावली तेव्हा ऊन छान डोक्यावर आलं होतं. मी घड्याळ काढलं, काटा सूर्याकडे धरला, मध्य काढला आणि हात लांब केला. "ही दक्षिण." निघालो. मी पुढे, हातात काठी, ओठांवर शीळ. एक फाटक उघडलं, मागे लावून घेतलं. दुसरं उघडलं, लावून घेतलं. तिसऱ्या फाटकानंतर इंग्लंड विरळ व्हायला लागलं. लाल पानं संपली, निलगिरीची सालं लोंबायला लागली. डोक्यावरून पांढरे काकाकुवे भांडण काढल्यासारखे ओरडत गेले. पायाखाली मुंग्यांचं वारूळ आलं, त्यात माझा लोकरीचा मोजा गेला.

"इंग्लंडातही थोडंफार जंगल असतंच," मी पाय झाडत म्हणालो.

तेवढ्यात समोरच्या झुडपातून एक कांगारू उभा राहिला आणि आमच्याकडे बघत कान खाजवायला लागला.

"हा इंग्लंडातला ससा का हो?" बायकोने विचारलं.

मी पुस्तक उघडलं. कांगारूविषयी त्यात काहीच नव्हतं.

सासूबाई एका ओंडक्यावर टेकल्या. पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. "त्यांना मी काय सांगू?" त्या मुलीला म्हणाल्या. "तिथवर गेले आणि ओहोळ नाही मिळाला म्हणू?"

मग माझ्याकडे वळल्या. "घड्याळ परत धरा बघू, जावईबापू."

मी धरलं.

"दक्षिण कुठे म्हणता?"

मी पुढे बोट केलं, झुडपांकडे.

"आणि सूर्य?"

"सूर्यपण तिकडेच. दुपारी सूर्य दक्षिणेलाच असतो, आई. शाळेत शिकलोय आपण."

"हो का," त्या म्हणाल्या. "मग माझे पापड मागच्या अंगणात का नाही वाळले?"

मी मनातल्या मनात आमच्या घराभोवती एक फेरी मारली. आमचं पुढचं लॉन उत्तरेला. लेटरबॉक्स उत्तरेला. त्या पापडांवर दिवसभर ऊन होतं आणि मागच्या अंगणात घराची सावली. या देशात येऊन मला काही वर्षं झाली होती, पृथ्वी गोल आहे याची पदवी माझ्याकडे होती, आणि सूर्य इथे उत्तरेकडून जातो हे सासूबाईंना दोन चादरींवर कळलं होतं. पुस्तकाचा लेखक इंग्लंडात बसून बरोबरच लिहीत होता. मी त्याला खिशात घालून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आणलं होतं.

बायको हसता हसता ओंडक्यावरून घसरली. "चला," सासूबाई उठल्या. "पाठ करा त्या घड्याळाकडे."

परतीची तिन्ही फाटकं मी मान खाली घालून लावली. चर्च मागे टाकलं, उतरत्या गल्लीला लागलो, आणि ओहोळ आधी ऐकू आला. मग विलोची पिवळी, पाण्यात बुडालेली झिपरी दिसली. मग तो स्वतः, हातभर रुंद, काचेसारखा, दगडांशी बोलत चाललेला. मला इतकं भरून आलं की मी लगेच माइक मागितला.

"मिळणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता एक शब्द नाही."

त्यांनी बूट काढले, साडी जरा उचलून पाण्यात पाय सोडले, रेकॉर्डर मांडीवर घेतला आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. लाल दिवा लागला, पण निखारा विझताना दिसतो तसा. माझ्या भाषणांनी सेल खाऊन टाकले होते. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिलो. बायकोने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, खबरदारी म्हणून. चाकं फिरत होती, हळू, आणखी हळू. पाणी वाजत होतं. मग दिवा गेला.

"आलं असेल का काही?" सासूबाईंनी विचारलं.

टूनगॅबीला येऊन मी नवे सेल घालायला धावलो, पण त्यांनी कॅसेट दिली नाही. "त्यांच्याबरोबरच ऐकीन," म्हणाल्या, आणि ती साड्यांच्या घडीत ठेवून बुधवारी गेल्या.

तीन महिन्यांनी, तिकडे पाऊस सुरू झाल्यावर, ठाण्याहून उलट कॅसेट आली. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. सासरे खाकरले.

"ओहोळ पोचला," ते म्हणाले. "जावईबापूंचं हेजवरचं व्याख्यानही पोचलं, ते एकदा ऐकलं. ओहोळ रोज ऐकतो. मात्र तो फार घाईत आहे."

मी कपाळावर हात मारला. मरत्या सेलवर टेप हळू फिरते. तीच चांगल्या सेलवर लावली की सगळं धावत सुटतं. त्या शांत पाण्याला मी पूर आणला होता.

"तरी ओळखीचा वाटला," सासरे पुढे म्हणाले. "आपल्या शाळेमागचा ओढा श्रावणात असाच धावतो. मी वर्गाची खिडकी लावून घ्यायचो, पोरांना पुस्तकातला ब्रूक नीट ऐकू यावा म्हणून. काल हिच्या हाताला धरून तिथे जाऊन आलो. आता तुम्ही ऐका."

खट् असा आवाज झाला आणि आमच्या टूनगॅबीच्या स्वयंपाकघरात ठाण्याचा ओढा सुरू झाला. त्यात बेडूक होता, लांबून सायकलची घंटा होती, आणि बराच वेळ दुसरं काहीच नव्हतं. मी सूचना नसतानाही गप्प बसलो होतो. शेवटी सासूबाईंचा आवाज आला.

"पुरे आता. सेल राहू द्या थोडे."