येताना साडेतेरा तास

मुखेडचे व्यंकटराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी दारात आलेल्या पाहुण्याला ‘कसे आहात’च्या आधी ‘किती वाजता निघालात’ विचारायची खोड गेली नाही. नांदेडची, लातूरची, कुठलीही गाडी या घडीला कुठल्या फाट्यावर असेल हे ते पडल्या पडल्या सांगत, आणि बायको सरजाबाई बिचारी हूं हूं करत ऐकून घेई.

त्यांची लेक लुंबिनी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि पुढं शिकायला लंडनला निघाली. व्यंकटरावांनी चष्मा पुसून तिचं तिकीट वाचलं. हैदराबादहून सुटणार पावणेआठला, लंडनला पोचणार सव्वा वाजता. साडेसात हजार किलोमीटर, साडेपाच तासांत!

“ड्रायव्हर लई दामटून राहिला की!” ते म्हणाले.

मग त्यांनी परतीचं पान उलटलं. पुढच्या जुलैत रात्री साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी अकराला हैदराबाद. साडेतेरा तास! अंतर तेच, मग जाणं झटपट आणि येणं एवढं अवघड? असल्या गावाला गेलेली पोर परत येते का? हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पण तिकीट निघालेलं, पोर आनंदात, बोलणार कुणाजवळ?

निघायच्या दिवशी सकाळी पावणेआठला सोडायला गेलेल्या मुलाचा, धम्मानंदचा, फोन आला: विमान टायमात सुटलं. सव्वा वाजता व्यंकटराव फोन मांडीवर घेऊन बसले. दोन वाजले, तीन वाजले. लेकीचा फोन बंद. शेवटी त्यांनी विमानतळाच्या चौकशीला फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, “फ्लाइट ऑन टाइम आहे, सर.” पावणेदोन तास उशीर आणि वर ऑन टाइम! आपल्या स्टँडवर असतं तर त्यांनी मेमोच दिला असता.

“बाई, मागून येणाऱ्या इमानाच्या पायलटला इचारा की, वाटंत कुठं उभं दिसलं का!” एसटीत तीच पद्धत होती. बाईंनी फोन ठेवून दिला. सरजाबाईंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

सव्वासहाला फोन वाजला. “पप्पा, पोचले!”

“पाच तास लेट! कुठं बंद पडलं होतं?”

लुंबिनी हसत सुटली. “लेट न्हाई पप्पा. इथं आत्ता कुठं पावणेदोन वाजलेत. इथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतंय. दहा तास लागले मला.”

व्यंकटराव हळूच म्हणाले, “अन् येताना?”

“येताना नऊच. वारा मागून असतो ना.”

त्यांनी फोन ठेवला. सरजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काय म्हणली पोरगी? जेवली का?”

“यायला एक तास कमी लागतोय,” व्यंकटराव म्हणाले, आणि दिवसभर आवरलेलं रडू त्यांना आवरेना.