मावशींच्या कोंबड्यांचा वॉर्ड

माझ्या बायकोच्या मावशीला ‘नाही’ म्हणायची हिंमत अख्ख्या अमडापुरात आजवर कोणी केलेली नाही. केली ती फक्त त्यांच्या कोंबड्यांनी. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सुईला भिऊन माळ्यावर जाऊन बसलेल्या पैलवानाला त्यांनी खाली उतरवून टोचलेलं आहे, आणि ‘राहू द्या, आता काय पाहायचं राहिलं’ म्हणणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना दंडाला धरून डोळ्यांच्या शिबिरात नेलेलं आहे. अशा बाईला निवृत्ती म्हणजे शिक्षाच. हाताखाली कोणीतरी हवं, म्हणूनच त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या असाव्यात असा माझा अंदाज. त्या स्वतः म्हणतात, ‘अंड्यासाठी.’ पण त्यांना अंडं खाताना मी कधी पाहिलं नाही. गल्लीत कोणी बाळंतीण असली की अंडी तिच्या घरी पोचतात, आणि ती खाल्ली का हे बघायला मागोमाग मावशीही पोचतात.

कोंबड्यांसाठी त्यांनी जे खुराडं बांधलं, तसं घर आमच्या गल्लीत काही माणसांनाही नाही. विटांच्या भिंती, वर पत्रा, दाराखिडकीला जाळी, आतून-बाहेरून पांढराशुभ्र चुना, आणि रोज सकाळी फिनाइलने धुतलेली फरशी. फरशीवर घडी घालून अंथरलेली पोती, एकेका कोंबडीला एकेक खाट. कोंबड्यांची नावंही खाटांवरून पडलेली: खिडकीपासली, दारापासली, कोपऱ्यातली. गंमत एवढीच की यातली एकही बाई आपल्या खाटेवर कधी झोपलेली नव्हती. दिवस मावळायला लागला की सगळ्या ओळीने परसातल्या शेवग्यावर चढत आणि पिसं फुगवून बसत. शेवग्याची फांदी ती केवढी, आणि तिचा भरवसा तो काय! त्यात रानमांजराने हे ठिकाण हेरलेलं. अधूनमधून सकाळी झाडाखाली नुसती पिसं सापडत, आणि त्या दिवशी मावशी कोणाशी बोलत नसत.

मग रोज संध्याकाळी मावशींचा राउंड. हातात काठी, खांद्यावर टॉवेल, आणि ‘आ तीऽ तीऽ तीऽ’ अशी लांबलचक हाक. कोंबड्या खाली येत, दाणे खात, आणि पुन्हा वर जात. मावशी खालून दम भरत, “पेशंट झाडावर अन् खाट खाली! असा दवाखाना पाह्यला काय कुठी?” एकदा तर वरच्या फांदीवरल्या एका काळ्या कोंबडीला त्या बराच वेळ रागावत होत्या. आधी दटावून, मग लाडीगोडीने, मग तिच्या आईबापाचा उद्धार करून. मी शिडी लावून चढलो, तर ती फांदीत अडकलेली काळी कॅरीबॅग निघाली. मी हसत हसत खाली उतरलो. मावशी मात्र हसल्या नाहीत. पदराने चष्मा पुसून त्या घरात गेल्या.

कारण गोष्ट हसण्याची नव्हती. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुलगा संभाजीनगरला, त्याने डॉक्टर ठरवला, तारीख घेतली, गाडी पाठवायची तयारी केली, आणि दर वेळी मावशींनी तारीख पुढे ढकलली. डॉक्टरने बजावलं होतं की आणखी उशीर केला तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल. मावशींचं उत्तर ठरलेलं: “कोंबड्या आपल्या पायानं खुराड्यात जाऊ लागल्या की दुसऱ्या दिवशी निघतो मी. तवरोक त्याईले कोणाच्या भरोशावर सोडू?”

मी जात्याच चौकस. दुसऱ्याच्या घरी भाजी कशाची हे कळल्याशिवाय मला माझी गोड लागत नाही, असं बायको म्हणते. कोंबड्या आत का जात नाहीत, हा प्रश्न मला उठता-बसता छळू लागला. गावात विचारावं तर जितकी तोंडं तितकी औषधं. एकाने दाराची दिशा चुकली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कोंबडा तरणा आणा म्हणून. शेवटी एका दुपारी मावशींचा डोळा लागलेला बघून मी स्वतःच रांगत खुराड्यात शिरलो आणि दार ओढून बसलो. पाचेक मिनिटांत माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चुना आणि फिनाइल! वॉर्ड म्हणून फर्स्ट क्लास, पण कोंबडी तिथे श्वास घेणार कशी? आणि झोपायला पोती! कोंबडी काय पाठ टेकून झोपते? तिला पायात धरायला दांडी हवी, म्हणून तर ती फांदी गाठते.

शिंकत बाहेर आलो तर समोर मावशी. “जवाईबापू, तुमी अंदर काय करून राह्यले?”

मी भीत भीत निदान सांगितलं. “मंग काय घाण ठेवू?” असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी फिनाइल बंद झालं, फरशीवर राख आणि भुशाचं कुटार पसरलं, पोती गेली आणि बांबूची आडवी दांडी आली. अंधार पडल्यावर कोंबड्यांना दिसत नाही. झाडावरून एकेक उचलून आम्ही आत बसवली आणि काही दिवस कोंडूनच ठेवली, घर अंगवळणी पडावं म्हणून.

मग दार उघडं टाकलं. दिवस मावळला. दारापासली शेवग्याखाली उभी राहिली, मान वाकडी करून विचारात पडली, आणि चालत खुराड्यात गेली. मागोमाग बाकीच्या. मी टाळीच वाजवली.

“समद्या गेल्या?” मावशी म्हणाल्या.

“सगळ्या.”

“नीट पाहा. एखांदी राह्यली असन वर.”

“एकही नाही मावशी.”

त्या बाजेवर बसल्या. “दुनियेले म्या सांगतलं, काई होत नाई म्हून. मले भेव लागून राह्यलं तं मले कोण सांगन?”

या बाईला भीती वाटते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं, “काही होत नाही, मावशी.” “हाव,” त्या म्हणाल्या, आणि बॅग भरायला उठल्या.

ऑपरेशन नीट झालं. आता दुसऱ्या डोळ्याचं होईस्तोवर त्या मुलाकडेच आहेत, आणि रोज दिवेलागणीला फोन येतो, “जयभीम जवाईबापू, गेल्या काय आत?” काल म्हणाल्या, “फोन त्याईच्यापाशी धरा. मले बोलू द्या जरासं.” खुराड्याचं दार अजून लावायचं होतं. मी स्पीकर लावून फोन जाळीशी धरला. “आ तीऽ तीऽ तीऽ...” दांडीवर बसलेल्या कोंबड्या एकेक करून उतरल्या, माझ्याकडे न बघता परस ओलांडून गेल्या, आणि मावशींच्या कुलूप लावलेल्या दारापुढे माना वर करून उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यल्या?” फोनमधून आवाज आला.

“तुमच्या दारापुढे उभ्या आहेत, मावशी.”

मग त्या म्हणाल्या, “त्याईले म्हणा, अंदर जा. मी येऊन राह्यली.”

मी तसं सांगितलं. कोंबड्या काही हलल्या नाहीत, आणि मलाही त्यांना लगेच हाकलावंसं वाटलं नाही.