बॅरिस्टर वहिनींचे आरोपी

खुनाची गोष्ट ऐकताना बाकीचे खुनी शोधतात. आमच्या बॅरिस्टर वहिनी सोडवायचं कोणाला ते शोधत. कायद्याचं पुस्तक त्यांनी कधी उघडलेलं नव्हतं. त्या चिपळूणच्या, बी.कॉम. झालेल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला आलेल्या. तिथल्या अल् घुब्रा भागात आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत.

लंडनच्या जॅक द रिपरचं त्यांना वेड होतं. शंभरावर वर्षांपूर्वी त्याने तिथल्या गरीब वस्तीतल्या बायका मारल्या आणि तो कधीच सापडला नाही. मवालेहच्या भाजीबाजारातून आणलेली भेंडी चिरता चिरता वहिनी मोबाइलवर त्याच्याबद्दलचे कार्यक्रम ऐकत आणि चिडत. प्रत्येक कार्यक्रमात नवा खुनी. कधी डॉक्टर, कधी चित्रकार, कधी राजघराण्यातला मुलगा, कधी पोलंडहून पोट भरायला आलेला न्हावी. “मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून खुशाल लटकवतात,” त्या म्हणत.

न्हाव्याची बाजू घेताना तर त्यांचा आवाज चढे. “परका होता, भाषा धड येत नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. झालं, यांना आणखी काय पाहिजे?”

मी एकदा विचारलं, “मग तुमच्या मते कोण?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “ठाऊक नाही. एवढं म्हणायला माणसाची जीभ का जड होते गं?”

मस्कतच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी याच विषयावर भाषण केलं. पडद्यावर संशयितांचे फोटो लावले आणि हात वर करून मतं मागितली. लोक हसत हसत हात वर करत होते. वहिनी उठल्या. “तुमच्या आजोबांचा फोटो इथे लावून मतं घेतली, तर चालेल का?” गृहस्थांनी घाईने पुढचा फोटो लावला. त्या दिवसापासून त्या बॅरिस्टर झाल्या. नाव थट्टेनेच पडलं होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. त्यांच्याकडे मरियम्मा नावाची आंध्रची बाई कामाला होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीचं ठरलं, की तीच. कोणी म्हणालं, तिची नजर चांगली नाही. कोणी म्हणालं, हल्ली ती फोनवर फार बोलते. तिची खोली, तिचे कपडे, सगळं उचकटून झालं. काही सापडलं नाही. तर म्हणे, बाहेर पोचवल्या असतील.

वहिनी वर गेल्या, मीही गेले. “पोलिसांत तक्रार द्या,” त्या म्हणाल्या. “ते विचारतील, ती उत्तर देईल.”

“कशाला तिचं आयुष्य खराब करायचं?” त्या घरच्या बाईसाहेब म्हणाल्या. “आम्ही दया केली. व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतोय. खलास.”

“घेतल्या नसतील तर?”

“मग कोणी घेतल्या, तुम्हीच सांगा.”

“मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही.”

त्या दयेचा मला आजही संताप येतो. तिच्यावर चोरीचा शिक्का मारला आणि तिला तोंड उघडायची जागासुद्धा ठेवली नाही. वर उपकार केल्याचा तोरा.

विमानतळावर तिला आम्ही दोघींनी सोडलं; गाडी मी चालवत होते. आत जाण्याआधी मरियम्मा फरशीवर बसली आणि तिने बॅगेची चेन उघडली. “मॅडम, आप देख लो. एक बार देख लो.” वहिनी तिच्याशेजारी खाली बसल्या आणि आत न पाहता त्यांनी चेन लावून टाकली.

पाटल्या कोणी घेतल्या ते कधीच कळलं नाही. बाईसाहेबांनी नव्या केल्या.

पुढे वहिनींच्या यजमानांची नोकरी संपली आणि ती दोघं भारतात परत निघाली. निरोपाच्या कार्यक्रमात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईसाहेब पुष्पगुच्छ घेऊन पुढे आल्या. वहिनींनी तो घेतला, बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शांत आवाजात विचारलं, “मरियम्माचा फोन येतो मला. तुमच्याकडून काय सांगू तिला?”

बाईसाहेब साडीचा पदर सारखा करत राहिल्या. वहिनी वाट पाहत तिथेच उभ्या होत्या.

“काही नाही ना?” त्या शेवटी म्हणाल्या. “बरं. तसंच सांगते.”

पुष्पगुच्छ त्या खुर्चीवरच राहिला.